सकाळपर्यंत उतरेल

चंदगड तालुक्याचा नकाशा समोर ठेवला, की दारूचं निम्मं अर्थशास्त्र तिथेच उलगडतं. कोल्हापूर जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं टोक. पूर्वेला शिनोळी ओलांडली की बेळगाव, म्हणजे कर्नाटक. पश्चिमेला तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग, आणि दोडामार्गाला लागूनच गोवा. बेळगाव-वेंगुर्ला रस्ता तालुक्याच्या पोटातून जातो. तीन राज्यं, तीन अबकारी धोरणं. गोव्यात दारूवरचा कर कमी, म्हणून तीच बाटली घाटाखाली स्वस्त आणि घाटावर महाग. या फरकावर जगणारा एक धंदाच या भागात उभा राहिला आहे. गोवा बनावटीची दारू पकडली, टेम्पो जप्त, चोरकप्प्यातून खोकी हस्तगत, अशा बातम्या चंदगड-आजऱ्याच्या वाचकाला इतक्या सवयीच्या, की तो मथळा वाचून पान उलटतो.

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या क्वार्टरची, किमान किंमत देशीला ८० रुपये, नव्याने आलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला १४८, विदेशी मद्याला २०५ आणि उंची विदेशीला ३६० अशी ठरली. तिजोरीच्या दृष्टीने हा निर्णय जो असेल तो असो, घाटाच्या दोन बाजूंच्या भावांमधली दरी त्याने आणखी रुंद केली. कर्नाटकाच्या बाजूला आणखी एक प्रकार मिळतो. ९० आणि १८० मिलिलिटरची व्हिस्की कागदी खोक्यात, थेट फळांच्या रसासारखी. दोन मद्य कंपन्यांच्या नाममुद्रेच्या वादात नोव्हेंबर २०२५ मध्ये ही खोकी सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा मुलं ही दप्तरातून शाळेत सहज नेऊ शकतील, अशी चिंता न्यायमूर्तींनीच बोलून दाखवली.

चोरट्या दारूमुळे सरकारचा किती महसूल बुडाला, याचा हिशेब दर बातमीत असतो. ती दारू शेवटी कुणाच्या घशाखाली गेली, हे बातमीत येत नाही. येत असतं तर त्यात चौदा-पंधरा वर्षांची पोरंही दिसली असती.

पोरांचं पिणं बारमध्ये सुरू होत नाही. ते सुरू होतं वरातीच्या मागे, जिथे डॉल्बीच्या गाडीआड थंड पेयाची बाटली हातोहात फिरते आणि तिच्यात काय मिसळलंय हे विचारायचं नसतं. जत्रेतल्या मटणाच्या जेवणाला, गणपतीच्या विसर्जनाला, गटारीला, एकतीस डिसेंबरला, दहावी-बारावीच्या निकालाला. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की ओल्या पार्ट्यांना महिनाभर खंड नसतो, आणि प्रचाराला पोरं लागतातच. “घे की मर्दा, काय होत न्हाई,” असं म्हणणारा बहुतेक वेळा थोराड चुलतभाऊ असतो, मंडळाचा कार्यकर्ता असतो किंवा नुकताच गोव्याच्या हॉटेलातल्या नोकरीवरून सुट्टीला आलेला शेजारी. अनोळखी माणूस पोराला दारू पाजतो, असं सिनेमात होतं. गावात पाजणारा ओळखीचाच असतो.

देशभरातले आकडे पाहायचे तर सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण आहे. १० ते १७ वयोगटातली १.३ टक्के मुलं दारू घेतात, असा त्याचा अंदाज. टक्का किरकोळ वाटतो. माणसं मोजली तर ती ३० लाखांच्या आसपास भरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांमध्ये दारू पिणाऱ्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के, तर गोव्यात सुमारे ३७ टक्के आढळलं. चंदगडचा माणूस नोकरीला घाटाखाली जातो, बाजाराला बेळगावला जातो आणि सरकारी कामाला कोल्हापूरला. त्याच्या पोराच्या डोळ्यांपुढे पिण्याचे किमान दोन रिवाज एकाच वेळी असतात, आणि दोन्हींत ते चारचौघांत बसून करायचं काम आहे.

क्वार्टरचं गणित

मोठ्यांना जे पचतं ते पोरालाही थोड्या त्रासाने पचेल, हा समज गणिताने खोटा ठरतो. विदेशी मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल ७७ मिलिलिटर, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने हे रिकाम्या पोटी झपाट्याने घेतलं, तर रक्तातलं प्रमाण दर १०० मिलिलिटरला साधारण सव्वाशे मिलिग्रॅमपर्यंत चढतं. मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. आता तीच क्वार्टर चाळीस किलोच्या, आठवीतल्या पोराच्या पोटात गेली असं धरा. आकडा सव्वादोनशेच्या घरात जातो. या पातळीला जीभ जड होण्याची पायरी मागे पडलेली असते. उभं राहता येत नाही, हाकेला उत्तर येत नाही, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून शरीर जो ठसका देतं, तो ठसकाही मंदावतो.

यात घाईची भर पडते. मोठा माणूस चकणा घेऊन दोन-अडीच तास बसतो. त्याला कुणाची चोरी नसते. पोर शाळेच्या मागे, उसाच्या बांधाला किंवा बंद पडलेल्या पंपघरात असतं. कुणी येईल या भीतीने दहा मिनिटांत बाटली रिकामी होते. जेवण झालेलं नसतं, कारण जेवायला घरी जायचं तर तोंडाचा वास येईल. अल्कोहोल पोटातून रक्तात पूर्ण उतरायला अर्धा-एक तास लागतो, त्यामुळे शेवटचा घोट घेतल्यानंतरही नशा वाढतच जाते. “आत्ता तर बोलत होता,” असं मित्र नंतर सांगतात, आणि ते खरंच असतं.

लहान शरीराला दुसरा धोका साखरेचा. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करतं. साठवलेलं ग्लायकोजेन फोडून आणि ते संपलं की नवी साखर तयार करून. मुलांच्या यकृतात हा साठा मुळातच थोडा. अल्कोहोलचा निचरा करताना यकृतातली रासायनिक घडी अशी बदलते, की नवी साखर तयार होणं जवळजवळ थांबतं. साठा संपलेला आणि कारखाना बंद. साखर घसरली की मेंदू उपाशी पडतो, झटके येतात, शुद्ध हरपते. बाहेरून हे सगळं दारूच्या गुंगीसारखंच दिसतं, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. दहा किलोच्या तान्ह्याच्या हाताला लागलेल्या पेल्यातले दोन मोठे चमचे दारूसुद्धा रक्तातलं प्रमाण दीडशेच्या जवळ नेऊ शकतात. पार्टी झाल्यावर रात्री न उचललेले पेले आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठणारं दोन वर्षांचं पोर, ही जोडी म्हणूनच वाईट.

तिसरा धोका थंडीचा. अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम वाटतं आणि प्रत्यक्षात उष्णता बाहेर निघून जाते. चंदगडचा पाऊस आणि डिसेंबरची थंडी ज्याने अनुभवली आहे, त्याला उघड्यावर झोपलेल्या बेशुद्ध पोराचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. बेशुद्धी, घसरलेलं तापमान आणि घसरलेली साखर ही तीन लक्षणं बालरोगतज्ज्ञ एकत्रच शोधतात.

औषध म्हणून दिलेली दारूही याच हिशेबात धरावी लागते. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावरही सर्दी-पडशाला छातीवर ब्रँडी किंवा फेणी चोळायची आणि चमचाभर पाजायची, हा उपाय जुना आहे. घरोघरी पोहोचलेल्या वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या १८५१ सालच्या मूळ पाककृतीतही ३.६ टक्के अल्कोहोल होतं. ब्रिटनमध्ये ते १९९२ मध्ये काढून टाकण्यात आलं. तान्हं बाळ शांत झोपायचं, म्हणून आई-आज्यांचा त्या बाटलीवर विश्वास. त्या झोपेत अल्कोहोलचा वाटा किती, हे विचारायला शंभरावर वर्षं जावी लागली.

दोन थेंब आणि तीनशे शब्द

महाराष्ट्रात लहान मुलांच्या अल्कोहोल विषबाधेची सर्वांत गाजलेली घटना दारूच्या दुकानात घडली नाही. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. चूक ध्यानात आल्यावर मुलांना पुन्हा बोलावून खरे डोस दिले. एका मुलाला उलटी झाली, अस्वस्थ वाटू लागलं, आणि बाराही मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात देखरेखीखाली ठेवलं. सगळी मुलं सुखरूप घरी गेली. तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. देशभरातल्या वाहिन्यांवर बातमी चालली.

दोन थेंब म्हणजे मिलिलिटरचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्या सॅनिटायझरमध्ये जितकं अल्कोहोल असतं, त्याच्या पाचशेपट अल्कोहोल एका ‘नाइन्टी’त, म्हणजे ९० मिलिलिटर मद्यात, असतं. तरीही घाटंजीत जे झालं ते योग्यच झालं. मुलं तातडीने रुग्णालयात पोहोचली, रात्रभर कुणीतरी त्यांच्याकडे लक्ष ठेवलं, आणि ‘पाजलं कुणी’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला गेला. तेराव्या-चौदाव्या वर्षी वरातीमागे नाइन्टी पोटात गेलेल्या पोराच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. त्याला खळ्यात झोपवतात आणि ‘पाजलं कुणी’ऐवजी ‘प्यायलास का’ एवढंच विचारतात.

दुसरी घटना पुण्याची, सगळ्यांना ठाऊक असलेली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बारावीचा निकाल साजरा करायला तो मित्रांबरोबर मुंढव्यातल्या दोन पबमध्ये गेला होता, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. बाल न्याय मंडळाच्या सदस्याने काही तासांतच जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि महाराष्ट्र संतापला. पुढे ससून रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. मुलाच्या रक्ताचा नमुना काढून टाकून त्याच्या जागी आईचं रक्त ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

निबंधावर आणि रक्ताच्या नमुन्यावर जितकी शाई खर्च झाली, तितकी त्या प्रकरणातल्या आणखी एका गोष्टीवर झाली नाही. पबचे मालक-व्यवस्थापक आणि मुलाचे वडील यांच्यावर बाल न्याय कायद्याची कलमं ७५ आणि ७७ लावण्यात आली. कलम ७७ साधं आहे. डॉक्टरच्या सल्ल्याविना मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. पुढचं ७८ वं कलम दारूची विक्री, वाहतूक, पुरवठा किंवा तस्करी यांसाठी मुलाचा वापर करणाऱ्याला तीच शिक्षा सांगतं. हे शब्दशः वाचलं, तर “जा, एक क्वार्टर घेऊन ये” म्हणून पोराच्या हातात पैसे देणारा बाप कुठे बसतो, याचा विचार व्हायला हवा. घाटातून खोकी वाहून नेताना मागच्या सीटवर पोराला बसवणारा कुठे बसतो, हे तर उघडच आहे.

वयाचा कायदाही आहेच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं, बाकी मद्याला २५. त्यावर पिण्याचा परवाना वेगळा. मुंबईत वरळीला जुलै २०२४ मध्ये गाडीखाली सापडून एका महिलेचा जीव गेला. त्यातला आरोपी २४ वर्षांचा होता आणि त्याला कडक मद्य दिलं म्हणून जुहूच्या बारवर कारवाई झाली, तेव्हा २५ वर्षांची अट अस्तित्वात आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा समजलं. चंदगडच्या नाक्यावर वयाचा दाखला कुणी मागत नाही, आणि खोक्यातून आलेल्या दारूला तर दुकानच नसतं.

ताक, लिंबू आणि थंड पाणी

पोर पडलेलं सापडलं की गावाकडे उपाय तयार असतात. ताक पाजा, लिंबू पिळा, चिंचेचं पाणी द्या, कडक कॉफी द्या, डोक्यावर गार पाण्याची बादली ओता, घशात बोटं घालून ओकायला लावा. यातल्या कशानेही रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. यकृत आपल्या गतीने, तासाला १५-२० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ते काढत राहतं. मुलांमध्ये थोडं अधिक वेगाने. पण त्या वेगाला ताक-लिंबू धक्का लावू शकत नाहीत. गार पाणी आधीच निवत चाललेल्या अंगाला आणखी निववतं. अर्धवट शुद्धीत काहीही पाजलं किंवा ओकायला लावलं, तर ते फुप्फुसात जाण्याची भीती. आणि सगळ्यांत धोक्याचं वाक्य म्हणजे “झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.” प्रौढ पियक्कडाच्या बाबतीत हे वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं, म्हणूनच पोराच्या बाबतीतही त्यावर विश्वास बसतो.

रुग्णालयातही या विषावर उतारा नाही. पोट धुण्याचा उपयोग नसतो, कारण तोवर सगळं रक्तात उतरलेलं असतं. विषबाधेत वापरतात तो कोळसा अल्कोहोलला धरत नाही. डॉक्टर करतात ती कामं साधी असतात. श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणं, साखर तपासून ग्लुकोज लावणं, अंग गरम ठेवणं, डोक्याला मार लागला आहे का पाहणं, आणि तासातासाला पाहत राहणं. ग्लुकोमीटर, सलाइन, ऑक्सिजन आणि जागा माणूस. यातलं बरंचसं चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. श्वासाचं यंत्र लागलं तर गडहिंग्लज, बेळगाव किंवा कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. पण राज्याची हद्द मध्ये आहे, आणि रात्री कुठल्या दिशेला जायचं हे ठरवण्यातच वेळ जातो.

थांबायचं की निघायचं, हे कशावरून ठरवायचं? हाक मारून, खांदा हलवून डोळे उघडत नसतील. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल. अंग गार आणि ओठ-नखं निळसर असतील. झटका आला असेल. गुंगीतच उलट्या होत असतील. यातलं एक जरी दिसलं, तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत पोराला कुशीवर वळवून, गुडघा पुढे दुमडून, तोंड खाली राहील असं ठेवायचं. पाठीवर उताणं टाकायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहायची नाही.

हे सगळं कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सोबतची पोरं फोन करत नाहीत, कारण आपलीही नावं येतील. ती मित्राला देवळाच्या पडवीत झोपवून घरी जातात. घरचे नेत नाहीत, कारण दवाखान्यात सगळा गाव असतो, विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते आणि मुलीचं प्रकरण असेल तर सोयरिकीपर्यंत बोभाटा होतो. मुलगी असेल तर उशीर आणखी वाढतो. घाईने पिणं लपवण्यापोटी, उशिरा दवाखाना लपवण्यापोटी, आणि पाजणाऱ्याचं नाव न निघणंही लपवण्यापोटी. वास्तविक पोलीस कारवाईची भीती पोराच्या घरच्यांनी नव्हे, बाटली देणाऱ्याने बाळगायला हवी. बाल न्याय कायद्याचा रोख मुलाला सुधारण्यावर आहे आणि देणाऱ्याला शिक्षा करण्यावर. गावात ही भीती नेमकी उलट्या घरात राहायला गेली आहे.

नशेत पडून राहणं हा एक धोका, चालत राहणं हा दुसरा. आंबोलीजवळच्या कावळेसाद पॉइंटवर जुलै २०१७ च्या अखेरीला गडहिंग्लजहून आलेले दोन तरुण दारूच्या नशेत कठडा ओलांडून दरीत गेले. बघ्यांच्या मोबाइलवरचा तो व्हिडिओ अजून फिरतो. ते अल्पवयीन नव्हते. पण पावसाळ्यात तिलारी, आंबोलीच्या धबधब्यांवर दुचाकीवरून तिघे-तिघे येणाऱ्यांत अल्पवयीन किती असतात, हे शनिवार-रविवारी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तरी दिसतं.

डेल्फ्ट आणि आइसलँड

पोराचं पिणं ही वैद्यकीय बाब आहे असं ठरवून कामाला लागलेली ठिकाणं जगात आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात निको व्हान डर लेली या बालरोगतज्ज्ञाने २००६ मध्ये रायनियर द ग्राफ रुग्णालयात किशोरांसाठी अल्कोहोलचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. दारूच्या गुंगीत आणलेलं पोर शुद्धीवर आलं की घरी पाठवून प्रकरण मिटवायचं नाही. काही आठवड्यांनी आई-वडिलांसह परत बोलवायचं, बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञाने दोघांशी बोलायचं, अशी पद्धत. तिथेही दिसलं ते हेच, की पुष्कळ पालकांना पोर पितं हे माहीत होतं, किती पितं हे माहीत नव्हतं. नेदरलँड्समध्ये तेव्हा सोळाव्या वर्षी बिअर-वाइन विकत घेता येत होती. १ जानेवारी २०१४ पासून ते वय अठरा झालं.

आइसलँडची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के जणांनी गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. भाषणं देऊन नव्हे. संध्याकाळी पोरांनी कुठे असावं हे त्यांनी ठरवलं. खेळ-संगीताच्या वर्गांसाठी पालकांना अनुदान, हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर न राहण्याचा नियम, आणि एकमेकांच्या पोरांवर लक्ष ठेवण्याचा पालकांमधला लेखी करार. अमेरिकेतल्या ग्रँट आणि डॉसन यांनी १९९७ मध्ये मांडलेला हिशेब या धडपडीला कारण देतो. पंधराव्या वर्षाच्या आत पहिला पेला घेतलेल्यांमध्ये पुढे दारूच्या आहारी जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे चाळीस टक्के, विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये दहा टक्के. वर्षं पुढे ढकलणं हेच औषध.

महाराष्ट्राकडे या बाबतीत अनुभवाची कमतरता नाही. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना सावरत आलं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकाराने २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’चं काम गावपातळीवर चालतं. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. एकतीस डिसेंबरच्या रात्री अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चौकाचौकांत दारूऐवजी दूध वाटतात. या सगळ्या कामाच्या केंद्रस्थानी पिणारा बाप राहिला, आणि ते स्वाभाविकही होतं. पोराची एका रात्रीची विषबाधा व्यसनात बसत नाही, म्हणून ती कुणाच्याच यादीत आली नाही.

गावाच्या हातात एक जुनं हत्यार आहे, ते म्हणजे बाटली आडवी करायचं. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी; एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की परवान्याचं दुकान बंद. काजूच्या कारखान्यात दिवसभर गर सोलून आलेल्या बायकांनी या मतदानासाठी रांगा लावायच्या, हे महाराष्ट्रातल्या लोकशाहीचं एक तेजस्वी रूप आहे. पण आडवी बाटली परवान्याच्या दुकानालाच लागते. घाटातून आलेल्या खोक्याला, किराणा दुकानाच्या मागच्या फळीला आणि वरातीतल्या थंड पेयाच्या बाटलीला परवानाच नसतो.

तिथे उपयोगी पडेल अशी एक यंत्रणा कागदावर प्रत्येक गावात आहे. ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव, पोलीस पाटील आणि शाळेचे शिक्षक सदस्य. कुठल्या घरात काय चाललंय हे सेविकेला माहीत असतं, आणि चोरटी खोकी कुठे उतरतात हे पोलीस पाटलाला. समितीच्या बैठकीत बालविवाह आणि शाळागळती हे विषय येतात. जत्रेच्या आणि निवडणुकीच्या आधीच्या बैठकीत पोरांना पाजणाऱ्यावर कलम ७७ खाली तक्रार कोण देणार, हा विषयही घेता येतो. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि १०८ शाळेच्या भिंतीवर लिहिता येतात, आणि फोन करणाऱ्या पोराला त्या रात्रीबद्दल शिक्षा होणार नाही, एवढं मुख्याध्यापकांनी वर्गात सांगता येतं. मग राहतं ते रात्रीच्या गाडीचं. कुणाची, कुणी चालवायची, आणि पाऊस जास्त असेल तर चंदगडला जायचं की थेट बेळगावला, हे आधी ठरवून इतिवृत्तात लिहायला दोन ओळी पुरतात.